टाकाऊ, टिकाऊ आणि खाऊ

मराठी समीक्षेने कशाकशाची म्हणून दखल घेतली नाही? कविता झाल्या, कादंबऱ्या झाल्या, बखरी झाल्या, लावण्या झाल्या. एवढेच काय, एका समीक्षकाने केलेल्या समीक्षेची दुसऱ्याने केलेली समीक्षाही झाली. पण ज्या दोन कला आज मध्यमवर्गीय घराघरांत दिवसाढवळ्या चालू आहेत, त्यांच्याकडे कोणी जाणकाराने ढुंकून पाहिलेले नाही. पहिली कला टाकाऊतून टिकाऊ करण्याची. दुसरी, जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यात निघालेला खाण्याचा नवा प्रकार आपल्या ओट्यावर करून पाहण्याची. पहिलीचा आविष्कार बैठकीच्या खोलीत होतो, दुसरीचा स्वयंपाकघरात. आणि दोन्हींचा हक्काचा रसिक एकच. तो म्हणजे घरातला निवृत्त पुरुष.

नाटकाच्या समीक्षकाचे बरे असते हो. प्रयोग जमला नाही तर मध्यंतरात वडा खाऊन घरी जाता येते. मी घरीच असतो, आणि वडाही प्रयोगातलाच असतो. समीक्षकाने कलाकृतीच्या अंतरंगात शिरावे असे म्हणतात. इथे कलाकृतीच माझ्या अंतरंगात शिरते. तेव्हा या विषयावर बोलायचा अधिकार मला नाही तर कोणाला?

टाकाऊतून टिकाऊ हा वाक्प्रचार माझ्या पिढीला नवा नाही. मासिकांतून महिलांसाठी म्हणून जी पाने राखून ठेवलेली असत त्यांत तो असे, आणि शाळेत कार्यानुभवाच्या तासालाही असे. आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, काडेपेट्यांचा सोफासेट, मेणबत्तीवर वाकवलेल्या फुटक्या बांगड्यांचे तोरण, उडालेल्या बल्बवर रंगवलेला जपानी चेहरा आणि सलाइनच्या नळीचा विणलेला मासा, ही या कलेची अभिजात पंचके. घरात कोणी दवाखान्यात राहून आले की महिन्याभरात किल्ल्यांना मासा लटकलेला दिसे. १९९० नंतर युरोपात ‘अपसायकलिंग’ असा शब्द निघाला, तो फिरत फिरत आमच्या प्रतापनगरापर्यंत आला, आणि जी गोष्ट आई करायची तेव्हा तिला चिक्कूपणा म्हणत, ती सूनबाई करू लागली तेव्हा तिला पर्यावरण म्हणू लागले.

या कलेत मला दोन संप्रदाय दिसतात. पहिला शोभा-संप्रदाय. कोणतीही बाटली बाटलीसारखी दिसता कामा नये, हे या संप्रदायाचे ब्रीद. सॉसची एक बाटली रिकामी होते. ती कबाड्याला दिली तर फार तर रुपया मिळेल. त्याऐवजी तिच्यासाठी सुतळी आणतात, डिंक आणतात, रंग, लेस, मोती, चमकी आणतात. फुकटची बाटली वाचवायला सीताबर्डीला रिक्षा करून जायचे, हे अर्थशास्त्र अजून कुठल्या विद्यापीठात शिकवत नाहीत. मग ती सजलेली बाटली शोकेसमध्ये उभी राहते. तिच्यात सॉस ठेवता येत नाही, पाणी ठेवता येत नाही, आणि तिला टाकताही येत नाही. कारण ‘हातानं केलंय’! टाकाऊ होती तेव्हा तिच्यापासून सुटका होती. टिकाऊ झाल्यापासून तीही उरली नाही.

इथे मला एक मूलभूत आक्षेप नोंदवायचा आहे. टिकाऊ असणे हा काही गुण नव्हे. प्लॅस्टिकच्या डब्याला टिकाऊ करण्याची गरजच काय? तो टिकाऊच आहे, तीच तर सगळ्या जगाची तक्रार आहे. वस्तू टिकली का, हा प्रश्न नाही. ती कामाला आली का, हा आहे.

दुसरा उपयोग-संप्रदाय. याचे काशीक्षेत्र म्हणजे नागपूर, असे मी जरा अभिमानाने सांगतो. २०१३ च्या मे महिन्यात ज्या गावाचा पारा ४७.९ अंशांवर गेला, त्या गावात कूलर ही चैनीची वस्तू नसते, ती कुटुंबातली व्यक्ती असते. होळी झाली की माळ्यावरून किंवा गच्चीवरून तिला सन्मानाने खाली आणायचे, नव्या ताट्या घालायच्या, मोटरीला तेल द्यायचे आणि मृगाचा पाऊस पडला की परत वर ठेवायचे. अशी पंधरा-वीस वर्षे सेवा करून पत्र्याचा कूलर गंजतो. गंजला तरी तो मरत नाही. आमच्या गल्लीत एका कूलरच्या खालच्या टाकीत सांबार लावलेला आहे. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीचा त्याच्याशी संबंध नाही. दुसऱ्या एका घरी कूलरच्या खोक्यात चपला राहतात. तिसऱ्याचा पंखा एका वेल्डिंगवाल्याने भट्टीला वारा घालायला नेला. आमच्या कूलरचा सांगाडा गेली सहा वर्षे मांजरीचे बाळंतपण करतो आहे. यांपैकी एकालाही कोणी सुतळी गुंडाळलेली नाही. गंज तसाच दिसतो. पण प्रत्येकाला रोजचे काम आहे.

तुम्ही म्हणाल, मग सौंदर्याला काही स्थानच नाही का? आहे ना! पिकासोने १९४२ साली सायकलची एक जुनी सीट आणि एक हँडल घेतले, एकमेकांना जोडले आणि बैलाचे मुंडके तयार झाले. सीट सीटच राहिली, हँडल हँडलच राहिले, आणि बैलही दिसला. चंडीगढला नेकचंद नावाचे सार्वजनिक बांधकाम खात्यातले एक रस्ता-निरीक्षक होते. त्यांनी वर्षानुवर्षे कोणालाही न सांगता शहराबाहेरच्या सरकारी जागेत फुटक्या कपबशा, बांगड्यांचे तुकडे आणि मोडक्या चिनी मातीचे नळ गोळा करून एक बागच उभी केली. सरकारला पत्ता लागला तेव्हा ती जमीनदोस्त होण्याची वेळ आली होती. पण लोकांनी ती उचलून धरली, १९७६ साली ती सर्वांसाठी खुली झाली आणि १९८४ साली नेकचंदांना पद्मश्री मिळाली. आणि आमच्या पुण्यात आयुका संस्थेत बरीच वर्षे काम केलेले अरविंद गुप्ता! आयआयटीत शिकलेला हा अभियंता काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घेऊन पोरांना त्रिकोण का हलत नाही आणि चौकोन का हलतो ते शिकवतो. त्यांनाही २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांचे मला सगळ्यांत आवडते ते हे की ती मोडण्यासाठी असतात. पोराने खेळणे मोडले, उलगडले, पुन्हा जोडले, की काम झाले. शोकेसमध्ये ठेवून ‘हात लावू नको हं’ असे म्हणण्याची त्यात सोयच नाही.

म्हणजे फरक कुठे पडतो पाहा. या तिघांनी टाकाऊ वस्तूकडे नीट पाहिले. आमचा शोभा-संप्रदाय तिच्यावर पांघरूण घालतो. त्याला बाटलीची लाज वाटते.

आता खाऊकडे वळू. हा विभाग जरा नाजूक आहे, कारण तो लिहून झाल्यावर मला जेवायला बसायचे आहे.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि सगळा देश एकाच वेळी स्वयंपाकघरात शिरला. पहिला मान डालगोना कॉफीचा. कोरियातल्या एका टीव्ही-कार्यक्रमामुळे ती जगभर पसरली. कॉफी, साखर आणि गरम पाणी समप्रमाणात घेऊन हात मोडेस्तोवर फेटायचे आणि तो फेस गार दुधावर तरंगत ठेवायचा. आमच्या घरी ती झाली तेव्हा पाच जणांनी पाळीपाळीने फेटली. सौ. म्हणाली, “अहो, लग्नानंतर मी तुम्हाला अशीच वाटीत चमच्यानं घोटून कॉफी द्यायची की! तेव्हा तुम्ही पेपरातून डोकं तरी वर काढलं होतं का?” अर्थात त्या काळी तिचा फोटो काढायची पद्धत नव्हती. समीक्षक म्हणून मत द्यायचे तर फेस उत्तम, दूध उत्तम. दोघांची भेट मात्र होत नाही. वरून कडू, खालून फिके, असे ते स्थळ आहे.

दुसरा मान केळ्याच्या पावाचा. या प्रकाराला अतिपिकलेली, काळी पडलेली केळी लागतात. सूनबाईने डझनभर पिवळीधमक केळी आणली आणि ती काळी पडायची वाट पाहत ठेवली. नागपूरचा एप्रिल असल्याने वाट फार पाहावी लागली नाही, ही गोष्ट वेगळी. पण सौ. शेवटी न राहवून म्हणालीच, “काळीच आणली असती तर निम्म्या किमतीत आली असती ना गं!”

हसण्यावारी नेऊ नका. या एका वाक्यात सगळी समीक्षा आली आहे. अमेरिकेत १९३० च्या मंदीत काळी केळी फेकून देणे परवडत नव्हते, त्या काळात हा पाव घरोघर रुजला. फ्रेंच लोक ज्याला ‘हरवलेला पाव’ म्हणतात तो शिळा पाव अंड्या-दुधात बुडवून परतलेला असतो. आज हॉटेलात त्याला फ्रेंच टोस्ट म्हणून वर मध ओतून देतात. चिनी फ्राइड राइस हा मुळात कालचाच भात. आणि आमची फोडणीची पोळी? रात्रीच्या पोळ्या उरल्या, सकाळी हाताने कुस्करल्या, कांदा-मिरची-शेंगदाण्यावर परतल्या. कोणी कुस्करा म्हणते, कोणी आणखी काही. तोच शिळा भाग गुळातुपात वळला की लाडू. जगातले निम्मे नामांकित पदार्थ कोणाच्या तरी गरिबीतून, कोणा गृहिणीच्या अक्कलहुशारीतून निघालेले आहेत. म्हणजे माझ्या या दोन कला मुळात एकच. एकीचे साहित्य माळ्यावर, दुसरीचे फडताळात, एवढाच फरक.

बिघडते ते पुढे. पदार्थ किंवा वस्तू फॅशनीत आली की तिच्यातली गरज गळून पडते आणि फक्त रूप उरते. मग टाकाऊ वस्तू विकत आणावी लागते. नारळ न फोडता घासूनपुसून चकचकीत केलेल्या करवंट्या बाजारातून येतात. जॅम न खाता जॅमच्या बरणीसारखी दिसणारी नवीकोरी बरणी येते. पॅन्ट फाटण्याआधीच फाटलेली येते. शिळे करण्यासाठी ताजे आणायचे आणि जुने दिसण्यासाठी नवे घ्यायचे, याला काटकसर म्हणत असतील तर उधळपट्टीला काय म्हणायचे ते समीक्षकांनी एकदा ठरवून टाकावे.

निळ्या चहाचे वेगळे. तो खरोखर घरच्या वस्तूंतून झाला. गोकर्णीची फुले गरम पाण्यात टाकली की पाणी निळेशार होते आणि लिंबू पिळले की जांभळे. आमच्या कंपाउंडावर गोकर्णीचा वेल मातलेला आहे. सौ.ने देवाच्या परडीतली फुले देण्यास आधी साफ नकार दिला, मग देवाच्या वाटणीची काढून उरलेली दिली. रंगाला पैकीच्या पैकी गुण. चवीला गरम पाण्याची चव. शेजारचे भाऊ कुंपणावरून पाहत होते. त्यांना कप दिला तर म्हणाले, “हे काय पिऊन राहिले बाप्पा? कपडे भिजवाचं पाणी दिसून राहिलं!” लोकसमीक्षा ही अशी असते, तिला परिभाषा लागत नाही.

पाककृतीच्या भाषेबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ आले, त्यात मापे वाटी-चमच्याची. घरात जी वाटी असेल ती वाटी. त्यामुळे त्या पुस्तकाने कोणाला दुकानात पाठवले नाही, ओट्याजवळच उभे केले. आजच्या कृतीत पहिल्या ओळीतच अशी एक वस्तू असते की जिच्यासाठी धरमपेठ पालथी घालावी लागते. आणि आमच्या गावाला जेव्हा जगाला काही करून दाखवावेसे वाटते, तेव्हा ते काय करते? २०१८ च्या ऑक्टोबरात विष्णू मनोहरांनी नागपुरात एकाच कढईत ३,००० किलो शिजवली, ती खिचडी होती. किन्वा नव्हता.

आता ज्या प्रयोगाने मला खऱ्या अर्थाने विचारात पाडले, त्याकडे येतो. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. त्या वर्षी सूनबाईने एका रविवारी ‘मिलेट बाऊल’ केला. वर डाळिंबाचे दाणे, खाली काहीतरी भरडलेले, शिजवलेले, पांढुरके. मी चमचा आत घातला आणि ओळखले. त्या ज्वारीच्या कण्या होत्या.

कण्या काय असतात ते विदर्भातल्या माझ्या वयाच्या माणसांना सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी मिळे. आम्ही तेव्हा महालात दोन खोल्यांत राहत होतो. त्या ज्वारीची भाकरी धड थापली जात नसे, म्हणून आई ती जात्यावर भरडून कण्या करी. ताक असले तर ताकाशी, नाहीतर मीठ-मिरचीशी. आणि दारात चप्पल वाजली, कोणी आले असे वाटले, की आई आधी काय करायची, तर कण्यांच्या गंजावर ताट झाकायची. पाहुण्याला चहा मिळे, बसायला चटई मिळे. पण त्या गंजात काय आहे ते दिसता कामा नये. भुकेपेक्षा झाकण महत्त्वाचे होते. आई गेली तोवर घरात सगळे सुबत्तेचे झाले होते. पण तिने पुन्हा कधी कण्या केल्या नाहीत आणि आम्हीही कधी मागितल्या नाहीत.

आणि इथे त्याच कण्या काचेच्या वाडग्यात, डाळिंबाचा मुकुट घालून, फोटो काढण्यासाठी खिडकीच्या उजेडात! मला राग यायला हवा होता असे काही जणांचे मत पडेल. गरिबीची चेष्टा चालली आहे, वगैरे. पण मला तसे वाटले नाही. माझ्या आईने जे झाकले ते माझ्या सुनेने उघडे केले, यात वाईट काय आहे? वाईट झाले असते ते एवढेच, की तिला त्याचे नाव माहीत नसते. म्हणून मी तिला नाव सांगितले. गंज आणि झाकणाची गोष्टही सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “बाबा, ताकासोबत कशा लागतात?” पुढच्या रविवारी डाळिंब गेले होते. ताक होते, वर लसणाची फोडणी होती. मी दुसऱ्यांदा वाढून घेतल्या.

या ‘दुसऱ्यांदा’मध्येच माझ्या समीक्षेची कसोटी आहे. पदार्थ पहिल्यांदा कोणीही करतो, फोटोसाठी, हौसेसाठी, शेजारणीने केला म्हणून. दुसऱ्यांदा झाला तर तो खाऊ. वस्तू पहिल्या दिवशी सगळेच पाहतात. दुसऱ्या दिवाळीच्या आवरासावरीत ती कामाला म्हणून हातात आली, तर ती टिकाऊ. डालगोना आमच्याकडे दुसऱ्यांदा झाली नाही. निळा चहा देवाकडे परत गेला. केळ्याचा पाव मात्र अधूनमधून होतो, आणि आता खरोखरच काळ्या पडलेल्या केळ्यांचा होतो. कण्या महिन्यातून दोनदा.

आणि या कसोटीला शंभर टक्के उतरलेली कलाकृती कोणती विचाराल, तर नऊवारी लुगडे. नवे असताना सणाचे, मग रोजचे. विरले की दोन लुगड्यांत जुनी धोतरे घालून धावदोऱ्याची गोधडी. गोधडी फाटली की धड तुकड्यांची बाळाला दुपटी. मग पिशवी, मग फडके, मग पायपुसणे आणि अगदी शेवटी चिंधीचा काकडा. लोक म्हणतात, अपसायकलिंग म्हणजे वस्तूला वर चढवणे. आमच्या आज्यांनी वस्तूला कधी वर चढवले नाही. त्यांनी तिला एकेक पायरी सावकाश खाली उतरवले, आणि एकही पायरी कामाशिवाय जाऊ दिली नाही. गोधडीवर कोणी आपले नाव घातले नाही. ती पांघरली गेली, हीच तिची प्रसिद्धी.

आजही या शहरात ही कला रोज करणारे लोक आहेत, आणि ते शोकेससाठी करत नाहीत. गल्लीत हातगाडी घेऊन येणारा कबाडी आणि भांडेवाडीच्या कचराडेपोवर लोखंड, काच, पुठ्ठा, प्लॅस्टिक वेगवेगळे करणारी माणसे. आपण ज्याला कचरा म्हणतो त्यातून ते पोट भरतात. आपण बाटलीला लेस लावण्याऐवजी ओला आणि सुका कचरा वेगळा दिला, तर त्यांचे हात तरी कमी कापतील. एवढे टाकाऊतून टिकाऊ आपल्याला पुरे.

बाकी टाकण्याचेही एक शास्त्र असते, आणि त्यात नागपूरचा हात कोणी धरणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे मारबती निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. बांबू-कागदाची अवाढव्य बाई आणि तिच्यासोबत बडगे, ज्यांच्या अंगावर त्या त्या वर्षाचे ताजे राग लिहिलेले असतात. रोगराई, महागाई, इडापीडा सगळे हिने घेऊन जावे अशी आरोळी ठोकत लोक तिला शहराबाहेर नेतात आणि जाळून टाकतात. इतकी मोठी कलाकृती, इतकी मेहनत. पण ‘हातानं केलंय, राहू द्या’ असे कोणी म्हणत नाही.

त्या दिवशी घरातल्या सर्व सजवलेल्या बाटल्यांना निरोप द्यावा, असा ठराव मी घरात मांडला आहे. त्याच्या समर्थनार्थ म्हणून हा लेख लिहिला. ऑफिसच्या काळातले एका बाजूने कोरे कागद अजून पुष्कळ आहेत, त्यावरच लिहिला. सौ.ने तो वाचला. पाने मोजली. म्हणाली, “बरा आहे. छापून आला की हे कागद मला द्या. फडताळाच्या तीन फळ्या अंथरून होतील.”